मधल्या बाकांवरचं गणित

पंचावन्न वजा सात, अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस वजा सात, अडतीस. २३ मे २००५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक समझोता जाहीर झाला. त्याचं सगळं बळ या दोन वजाबाक्यांत होतं.

त्या वेळी शंभर सिनेटरांपैकी ५५ रिपब्लिकन होते. उरलेल्या ४५ मध्ये ४४ डेमोक्रॅट आणि त्यांच्या बाजूला बसणारा एक अपक्ष. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अपील न्यायालयांसाठी सुचवलेल्या काही न्यायाधीशांची नावं डेमोक्रॅट मंडळींनी अडवून धरली होती. मतदान झालं असतं तर ती नावं सहज मंजूर झाली असती, म्हणून चर्चाच संपू द्यायची नाही, असा त्यांचा डाव. त्यावर रिपब्लिकनांचे नेते बिल फ्रिस्ट यांनी बजावलं, की चर्चा लांबवण्याचा हा हक्कच आम्ही साध्या बहुमतानं मोडीत काढू. या उपायाला वॉशिंग्टनमध्ये ‘अण्वस्त्र’ म्हणायचे. ते २४ तारखेला वापरलं जाणार, अशी सगळी तयारी झाली होती.

आदल्या संध्याकाळी सात रिपब्लिकन आणि सात डेमोक्रॅट एका छोट्याशा करारावर सह्या करून पत्रकारांसमोर आले. जॉन मॅकेन, लिंडसे ग्रॅहम, जॉन वॉर्नर, सुसान कॉलिन्स हे एका बाजूचे. रॉबर्ट बर्ड, डॅनियल इनूये, जो लिबरमन, बेन नेल्सन हे दुसऱ्या बाजूचे. सात रिपब्लिकनांनी शब्द दिला, की आम्ही ‘अण्वस्त्रा’ला मत देणार नाही. पंचावन्नातून सात गेले, उरले अठ्ठेचाळीस. उपराष्ट्राध्यक्षांचं निर्णायक मत धरूनही बहुमत होईना. सात डेमोक्रॅट म्हणाले, आम्ही अडवणुकीत सामील होणार नाही. पंचेचाळिसातून सात गेले, उरले अडतीस. चर्चा रोखून धरायला ४१ लागतात. एका कागदानं दोन्ही पक्षनेत्यांच्या हातातली शस्त्रं एकाच वेळी काढून घेतली. या चौदांना कुणाचंही मन वळवायचं नव्हतं. त्यांची स्वतःची मतं पुरेशी होती.

हा ४१ चा आकडा आला कुठून? सिनेटमध्ये बोलणाऱ्याला वेळेचं बंधन नाही, ही जुनी रीत. विधेयक पाडता येत नसेल, तर नुसतं बोलत राहून त्याचा जीव घ्यायचा, याला फिलिबस्टर म्हणतात. १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटं बोलत उभे होते. चर्चा बंद करण्याचा नियम १९१७ मध्ये आला. त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागत. १९७५ मध्ये ती अट तीन पंचमांशांवर, म्हणजे ६० मतांवर आली; शंभरांतले ४१ जण अडून बसले की ६० जमत नाहीत. गंमत अशी, की हल्ली कुणाला घसा कोरडा करावाच लागत नाही. विरोध आहे एवढं कळवलं तरी पुरतं, आणि ६० मतं जमेपर्यंत विधेयक पडून राहतं. अंदाजपत्रकाशी निगडित काही विधेयकांना यातून सूट आहे. बाकी सगळ्यांना कायदा करायला ५१ मतं लागतात, पण त्या मतदानापर्यंत पोहोचायलाच ६० लागतात. एका पक्षाकडे ६० जागा असण्याचा योग क्वचितच येतो. मग पलीकडच्या बाकांवरून माणसं आणण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि ती आणण्याचं काम बहुतेकदा चार, सहा, आठ जणांचा एखादा गट अंगावर घेतो. तिथल्या राजकीय बोलीत अशा गटाला ‘गँग’ म्हणतात. शब्द गुंडांचा असला, तरी सभासद बहुतेक करून चष्मा लावून कलमं वाचणारे.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक गोष्ट खटकेल. पक्षाचा नेता एक सांगतो आणि त्याच पक्षाचे सात जण उघडपणे दुसऱ्यांशी करार करतात, हे चालतं कसं? आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्या खासदाराची जागाच जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. सिनेटर सहा वर्षांसाठी निवडून येतो आणि पक्षाला त्याची खुर्ची काढून घेता येत नाही. त्याला धाक असतो तो पुढच्या निवडणुकीत पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या स्वतःच्या राज्यातल्या मतदारांचा. समझोता करणाऱ्यांवर तिथे कारवाई होत नाही, पण वचपा निघतो.

चौदांच्या कराराचा मजकूर मोठा कसबी होता. अडलेल्यांपैकी तीन नावांवर मतदान होऊ देऊ, दोन नावांबद्दल कोणताही शब्द देत नाही, आणि पुढच्या नेमणुका फक्त ‘असाधारण परिस्थिती’तच अडवू, असं त्यात होतं. परिस्थिती असाधारण आहे की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या बुद्धीनं ठरवायचं. हा मोघमपणा हलगर्जीपणातून आलेला नव्हता. व्याख्या करायला बसले असते, तर चौदाच्या चौदा दाराबाहेर गेले असते. मजकुरात काय लिहायचं नाही हे ज्याला कळतं, तोच अशा खोलीत कामाचा.

करार पुढची दीड वर्षं टिकला. जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सॅम्युएल अलिटो यांचं नाव आलं. त्यांना रोखण्याचा प्रयत्न ७२ विरुद्ध २५ असा कोसळला आणि अलिटोंची नेमणूक ५८-४२ नं मंजूर झाली. ती सिनेट संपली, करारही संपला. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी सगळ्या नेमणुकांसाठी ते ‘अण्वस्त्र’ वापरलंच. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकन नेते मिच मॅकोनेल यांनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांपर्यंत नेलं. तोवर चौदांपैकी सिनेटमध्ये तिघंच उरले होते: मॅकेन, ग्रॅहम आणि कॉलिन्स. बारा वर्षांपूर्वी ज्या हक्काच्या रक्षणासाठी सही केली होती, तो मोडायला या वेळी तिघांनीही मत दिलं.

यातून या मंडळींना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मला ते तितकंसं पटत नाही. करार चौदा जणांत झाला होता. सात गेले की सात येतील, एवढाच त्याचा आधार. पलीकडची बाजू रिकामी झाल्यावर अलीकडच्या तिघांनी एकट्यानं शब्द पाळायचा तो कुणासाठी?

आता दुसरी गँग. ही जास्त मोठ्या उमेदीची आणि जास्त अभागी.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मिट रॉम्नी हरले. लॅटिनो मतदारांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त बराक ओबामांकडे गेले. त्या धक्क्यातून रिपब्लिकन पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं आत्मपरीक्षणाचा एक अहवालच काढला आणि त्यात स्थलांतराच्या कायद्यात सुधारणा करायला हवी असं लिहिलं. देशात कागदपत्रांविना राहणारे सुमारे एक कोटी दहा लाख लोक होते. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न २००६ आणि २००७ मध्ये काँग्रेसनं हाती घेऊन टाकून दिला होता. जानेवारी २०१३ च्या अखेरीस आठ सिनेटरांनी एक आराखडा मांडला. डेमोक्रॅटांकडून चक शूमर, डिक डर्बिन, बॉब मेनेंडेझ, मायकेल बेनेट. रिपब्लिकनांकडून मॅकेन, ग्रॅहम, जेफ फ्लेक आणि मार्को रुबिओ.

माणसं निवडण्यात डोकं होतं. मॅकेन आणि फ्लेक मेक्सिकोच्या सीमेवरच्या ॲरिझोनाचे. रुबिओ आणि मेनेंडेझ क्युबाहून आलेल्या आईवडिलांची मुलं. रुबिओ तर उजव्या रेडिओवाल्यांचे लाडके. त्यांनी होकार दिला तर पक्षातला कडवा मतदार निदान ऐकून तरी घेईल, असा हिशेब. शूमर सौदे जमवण्यात वाकबगार.

या आठांनी बरीचशी भांडणं स्वतः न सोडवता, ज्यांची होती त्यांनाच आपसांत मिटवायला लावली. कमी कौशल्याच्या कामांसाठी परदेशी मजूर किती आणायचे, यावर उद्योगपतींची संघटना आणि कामगारांचा महासंघ यांचं वर्षानुवर्षांचं वैर. २००७ चं विधेयक बुडण्यात या वादाचाही हात होता. मार्चच्या शेवटी शूमर यांनी चेंबर ऑफ कॉमर्सचे थॉमस डोनोह्यू आणि एएफएल-सीआयओचे रिचर्ड ट्रुम्का यांना फोनवर एकत्र आणलं. नव्या व्हिसाची सुरुवात वर्षाला २०,००० पासून होईल, कमाल मर्यादा दोन लाख, असं ठरलं. शेतमजुरांची संघटना आणि बागायतदार यांच्यातही असाच करार झाला. विधेयकाला विरोध करू शकतील अशा बड्या संघटना आधीच आत ओढून घेतल्या, की सभागृहात बोंब मारायला उरतं कोण?

एप्रिलमध्ये आलेल्या मसुद्यात प्रत्येकानं कशावर तरी पाणी सोडलेलं दिसत होतं. २०११ अखेरपर्यंत आलेल्यांना दंड आणि थकलेला कर भरून तात्पुरता दर्जा, दहा वर्षांनी ग्रीन कार्ड, आणखी तीन वर्षांनी नागरिकत्व. लहानपणी आणलेल्या मुलांना जवळचा रस्ता. बदल्यात प्रत्येक मालकाला कामगाराची संगणकावर पडताळणी सक्तीची. चिठ्ठ्या टाकून दिली जाणारी ग्रीन कार्डं बंद, भावंडांना बोलावण्याची सोय बंद.

पुण्या-मुंबईत हा मसुदा फार बारकाईनं वाचला गेला, आणि त्याचं कारण उघड आहे. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त जात नाहीत, हा नियम. भारतातून अर्ज करणाऱ्यांची रांग त्यामुळेच वाढत वाढत इतकी लांबली, की आईवडिलांचा नंबर लागण्याआधी मुलं एकवीस वर्षांची होऊन अर्जातून बाहेर पडतात. आठांच्या विधेयकात ही सात टक्क्यांची अट काढलेली होती. म्हणजे न्यू जर्सीत दहा वर्षं नोकरी करत असलेल्या पुण्याच्या अभियंत्याला ते वरदान. पण त्याच विधेयकात त्याच्या कंपनीसाठी फास होता. एच-वन-बी व्हिसांची संख्या ६५,००० वरून एक लाखाच्या वर न्यायची, गरज पडेल तशी १,८०,००० पर्यंत वाढू द्यायची, हे ठीक. मात्र ज्यांचे निम्म्याहून जास्त अमेरिकेतले कर्मचारी अशा व्हिसांवर आहेत त्यांना काही वर्षांत नवे व्हिसाच मिळू नयेत, आणि या व्हिसांवर जास्त अवलंबून असणाऱ्यांनी आपली माणसं ग्राहकाच्या कार्यालयात पाठवू नयेत, अशा अटी. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांचा धंदा याच रीतीवर उभा. अमेरिकन तंत्रज्ञान कंपन्यांना जास्त व्हिसा मिळाले, डेमोक्रॅटांना आउटसोर्सिंगला चाप लावल्याचं समाधान मिळालं, आणि किंमत भरायची ती खोलीत नसलेल्यांनी. नॅसकॉमनं वॉशिंग्टनमध्ये धावपळ केली, पण भारतीय कंपन्यांचा मतदार अमेरिकेच्या कुठल्याच राज्यात राहत नाही. अशा तडजोडींकडे पाहताना मी हा प्रश्न आधी विचारतो: बिल कोणाच्या नावावर फाडलं गेलं?

मे महिन्यात विधेयक न्यायविषयक समितीत गेलं. तिथे सुमारे तीनशे दुरुस्त्या येऊन पडल्या. आठांचा आपसांतला नियम असा, की मूळ सौद्याला धक्का लावणारी दुरुस्ती स्वतःला कितीही पटली तरी तिच्याविरुद्ध मत द्यायचं. नियम बोलायला सोपा. समितीचे अध्यक्ष पॅट्रिक लेही यांनी समलिंगी जोडप्यांनाही जोडीदारासाठी ग्रीन कार्ड मागता यावं, अशी दुरुस्ती तयार ठेवली होती. डेमोक्रॅटांचा तिला मनापासून पाठिंबा. पण ती आली तर आम्ही निघालो, असं रिपब्लिकनांनी सांगितलेलं. शूमर आणि डर्बिन यांनी जड आवाजात आपण साथ देऊ शकत नाही असं सांगितलं, आणि लेहींनी दुरुस्ती मागे ठेवली. विधेयक १३-५ नं समितीतून बाहेर पडलं. महिनाभरानं, २६ जूनला, सर्वोच्च न्यायालयानं विंडसर खटल्यात निकाल दिला आणि ज्यासाठी एवढी घालमेल झाली तो हक्क त्या जोडप्यांना न्यायालयातूनच मिळाला. दुसऱ्याच दिवशी सिनेटचं अंतिम मतदान होतं.

त्या मतदानासाठी आठांना नुसती ६० मतं नको होती, सत्तरच्या आसपास हवी होती. मोठा आकडा पाहून काँग्रेसचं दुसरं सभागृह, प्रतिनिधीगृह, दबेल, हा होरा. म्हणून शेवटच्या आठवड्यात बॉब कॉर्कर आणि जॉन होवेन या दोन रिपब्लिकनांची दुरुस्ती स्वीकारली गेली. सीमेवरच्या गस्ती पथकात सुमारे २०,००० माणसं वाढवायची, म्हणजे संख्या जवळपास दुप्पट, आणि ७०० मैल कुंपण. एवढ्या माणसांची गरज आहे का, असा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. मतं विकत घ्यायची म्हटल्यावर भाव खालीवर होणारच. २७ जून २०१३ ला विधेयक ६८-३२ नं मंजूर झालं. चौदा रिपब्लिकनांनी होकार दिला होता.

आणि प्रतिनिधीगृह दबलं नाही. तिथले रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांनी सांगून टाकलं, की माझ्या पक्षातल्या बहुसंख्य सभासदांना मान्य नसलेलं विधेयक मी पटलावरच आणणार नाही. सगळे डेमोक्रॅट आणि थोडे रिपब्लिकन मिळून बहुमताची २१८ मतं कदाचित भरली असती, पण मोजायची वेळच आली नाही. प्रतिनिधीगृहातही दोन्ही पक्षांचा आठांचा एक गट बसला होता. त्यातून आधी एक जण उठला, सप्टेंबरात आणखी दोघं, आणि गट मोडला. जून २०१४ मध्ये रिपब्लिकनांचे तिथले दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात स्वतःच्या पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत एका अनोळखी प्राध्यापकाकडून हरले. कँटर स्थलांतरितांबद्दल मऊ आहेत, हा प्रचारातला एक मोठा आरोप होता. त्यानंतर या विषयाला हात लावण्याची कुणाची टाप नव्हती. रुबिओ तर त्याआधीच आपल्याच विधेयकापासून अंग काढून घेऊ लागले होते. सात टक्क्यांची अट आजही जागच्या जागी आहे.

चौदांत आणि आठांत फरक इथे आहे. चौदांच्या खिशात स्वतःची चौदा मतं होती आणि तेवढ्यावर प्रश्न मिटत होता. आठांचं काम खोलीत संपत नव्हतं. त्यांना साठ मतं, मग दुसरं सभागृह, मग तिथला सभापती, असे तीन दरवाजे ओलांडायचे होते आणि तिसऱ्याची किल्ली त्यांच्याकडे कधीच नव्हती. मधल्या बाकांवरची समजूतदार माणसं जमली की देश चालतो, असं चित्र वर्तमानपत्रं हौसेनं रंगवतात. माझ्या मते पक्षनेत्यांना काम व्हायला हवं असेल तरच ती समजूत फळाला येते. नाहीतर हे गट वेळकाढूपणाचं सोंगही होऊ शकतात. २००९ मध्ये आरोग्यविम्याच्या कायद्यासाठी मॅक्स बॉकस यांनी आणखी पाच जणांना घेऊन महिनोन्‌महिने बैठका घेतल्या. उन्हाळा गेला, विरोध तापला, आणि शेवटी कायदा झाला तेव्हा त्यातल्या एकाही रिपब्लिकनाचं मत त्याला नव्हतं.

२०२१ ची पायाभूत सुविधांची गोष्ट उलट आहे. रॉब पोर्टमन आणि किर्स्टन सिनेमा यांच्या पुढाकारानं आधी दहा, मग बावीस सिनेटर बसले. रस्ते-पुलांना ११० अब्ज डॉलर, रेल्वेला ६६ अब्ज, इंटरनेटला ६५ अब्ज, शिशाचे जुने पाण्याचे नळ काढायला १५ अब्ज. नवा खर्च एकूण ५५० अब्ज. कर वाढवायचा नाही हे दोन्ही बाजूंना हवं होतं, म्हणून पैसे कुठून येणार हा प्रश्न हातचलाखीनं सोडवला गेला. दहा वर्षांत तूट २५६ अब्जांनी वाढेल असं काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयानं सांगितलं. ते कळूनही १० ऑगस्टला ६९-३० असं मतदान झालं. प्रत्येक राज्यात पूल मोडकळीला आलेले आहेत आणि उद्घाटनाची फीत कुणालाही कापता येते. होकार देणाऱ्या १९ रिपब्लिकनांत मिच मॅकोनेलसुद्धा होते. किल्ली ज्यांच्याकडे होती, तेच दार उघडून उभे होते.

या खोल्यांत काय चालतं, याचे किस्से अधूनमधून बाहेर येतात. जानेवारी २०१८ मध्ये सरकारचं कामकाज ठप्प झालं तेव्हा सुसान कॉलिन्स यांच्या कार्यालयात दोन डझन सिनेटर जमत. सगळे एकदम बोलतात म्हणून त्यांनी एक नक्षीची काठी ठेवली. ज्याच्या हाती काठी, त्यानंच बोलायचं. एकानं ती दुसऱ्याकडे जरा जोरात फेकली आणि कपाटावरच्या काचेच्या हत्तीचा टवका उडाला. हत्ती हे रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह. अर्थ लावणाऱ्यांची त्या दिवशी चंगळ झाली.

सगळ्यात कडू प्रसंग २०२४ चा. युक्रेनला मदत हवी असेल तर आधी सीमा बंद करा, अशी रिपब्लिकनांची अट होती. त्यासाठी ओक्लाहोमाचे कडवे उजवे जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट क्रिस मर्फी आणि अपक्ष झालेल्या सिनेमा चार महिने बसले. ४ फेब्रुवारीला ३७० पानांचा मसुदा आला. लोंढा ठराविक आकड्यापलीकडे गेला की सीमा बंद करण्याचा अधिकार त्यात होता, आणि २०१३ च्या विधेयकाचा गाभा असलेला नागरिकत्वाचा रस्ता कुठेच नव्हता. डेमोक्रॅट इतके मागे आले होते. पण निवडणुकीचं वर्ष होतं, आणि सीमेचा प्रश्न सुटलेला डोनाल्ड ट्रम्प यांना नको होता. ज्यांच्या मागणीवरून वाटाघाटी सुरू झाल्या त्यांनीच तीन दिवसांत पाठ फिरवली. ६० मतं लागत होती, पडली ४९.

मे महिन्यात डेमोक्रॅट नेत्यांनी तेच विधेयक पुन्हा मतदानाला आणलं. या खेपेला ते मंजूर व्हावं हा हेतूच नव्हता; प्रतिपक्षाचं पितळ उघडं पाडायचं होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. ४३ विरुद्ध ५० मतांनी ते पडलं. चार महिने एका टेबलाशी बसून ते लिहिणाऱ्या तिघांपैकी बाजूनं मत दिलं एकट्या मर्फींनी. लँकफर्ड आणि सिनेमा यांची मतं विरोधात नोंदली गेली.